हौसेला वजन असतं

हौसेला मोल नाही, असं आपल्याकडे म्हणतात. आणि मोल दुसऱ्याच्या खिशातून जाणार असेल तर जरा मोठ्याने म्हणतात. पण एक हौस अशी आहे, जिला मोल तर आहेच, शिवाय वजनही आहे, आणि ते ग्रॅममध्ये मोजावं लागतं. स्वतःपुरतं छोटं विमान स्वतःच्या मनासारखं डिझाइन करायचं, घरामागच्या गॅरेजमध्ये बांधायचं आणि त्यात स्वतःच बसून आकाशात जायचं, ही ती हौस. अमेरिकेत ही हौस करणाऱ्यांची संघटना 1953 सालापासून आहे. पॉल पोबेरेझ्नी नावाच्या वैमानिकाने ती विस्कॉन्सिन राज्यात काढली आणि आज दर जुलैअखेर त्याच राज्यातल्या ऑशकॉश गावी तिचा आठवडाभराचा मेळा भरतो. तिथे हजारो विमानं उतरतात आणि घरी बांधलेल्या विमानाचा मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला आपण यात काय काय घातलं हे न विचारताही सांगतो. माझं म्हणणं असं, की त्याला काय घातलं हे विचारूच नये. काय काय घालायचं होतं आणि घातलं नाही, हे विचारावं. खासगी विमान मालकाच्या हौसेवर उडत नाही. त्या हौसेला त्याने कुठे कुठे कात्री लावली, त्यावर उडतं.

आराखड्याच्या आधी कागदावर येते ती यादी. चार माणसं बसली पाहिजेत, कारण कुटुंब आहे. ताशी तीनशे किलोमीटर वेग हवा, कारण नाहीतर मोटार काय वाईट आहे? उतरायला मात्र गवताची छोटी पट्टी पुरली पाहिजे, कारण विमानतळाचं भाडं कोण भरणार? चाकं पोटात जाणारी हवीत, पंख दुमडणारे हवेत, पेट्रोल मोटारीएवढंच लागावं आणि सगळं मिळून खर्च मोटारीएवढाच यावा. यातली एकेक मागणी घेतली तर कुणालाही रास्त वाटेल. अडचण एवढीच, की या मागण्या ज्याच्यापुढे ठेवायच्या, त्या भौतिकशास्त्राशी घासाघीस करता येत नाही. बाकी सगळं तेच ठेवून वेग दुप्पट करायचा म्हटलं, तर इंजिनाची ताकद सुमारे आठपट लागते. दोनशेच्या वेगाला शंभर अश्वशक्ती पुरत असेल, तर चारशेला आठशे. उलट बाजूने, उतरण्याचा वेग निम्मा करायचा तर तेवढंच वजन पेलायला पंखाचं क्षेत्रफळ चौपट हवं. म्हणजे हळू उतरणाऱ्या माणसाला मोठा पंख लागतो आणि वेगाने जाणाऱ्या माणसाला तोच मोठा पंख वाऱ्यात आडवा येतो. ही दोन माणसं एकाच मालकाच्या अंगात राहत असल्यामुळे त्यांचं भांडण तिऱ्हाइताने मिटवायची सोयही नाही.

आणि एकेक मागणी आपल्या वजनापुरतं वजन वाढवून थांबत नाही. लग्नाच्या यादीत एक मावसकाका वाढले की त्यांचं कुटुंब वाढतं, ताटं वाढतात, हॉल मोठा घ्यावा लागतो, आणि हॉल मोठा घेतलाच आहे म्हणून आणखी दहा नावं सुचतात. विमानाच्या वजनाचं नेमकं तसंच आहे. पाच किलोची गादीदार सीट बसवली, की ती पेलायला पंख थोडा वाढतो, वाढलेला पंख पेलायला सांगाडा भक्कम करावा लागतो, हे सगळं ओढायला इंजिन थोरलं लागतं, थोरलं इंजिन पेट्रोल जास्त पितं, आणि ते पेट्रोलही विमानालाच वाहून न्यावं लागतं. कारखान्यात तयार झालेली विमानंही यातून सुटलेली नाहीत. जगात सर्वांत जास्त खपलेलं छोटं विमान म्हणजे सेस्ना 172. त्याला सीटा चार. अलीकडच्या मॉडेलचं कमाल वजन सुमारे 1157 किलो, रिकाम्या विमानाचं साधारण 765. उरले 390 किलो. टाकी भरली की दोनशे लिटर पेट्रोलचे 145 किलो गेले. राहिले अडीचशेच्या आत. त्यात ऐंशी-ऐंशी किलोची तीन माणसं बसतात आणि सामानाला जेमतेम एक डबा. चौथ्याला न्यायचं असेल तर पेट्रोल खाली ठेवावं लागतं, आणि पेट्रोल न्यायचं असेल तर चौथा. चौथी सीट खोटी नाही. फक्त ती भरल्या टाकीसोबत वापरायची नसते.

ज्यांनी यादीला वेळीच कात्री लावली, त्यांची नावं या क्षेत्रात आदराने घेतली जातात. फ्रान्सचे मिशेल कोलोम्बां यांचं 1973 साली उडालेलं 'क्री-क्री' बघा. पंखांची लांबी पाच मीटरच्या आत, रिकामं वजन ऐंशी किलोच्या आत, आणि तरी इंजिनं दोन. नाकापुढे दोन दांड्यांवर ती बसवलेली. सीट एक. शेजारी कुणी बसावं अशी इच्छा कोलोम्बांनाही झालीच असेल, पण ती त्यांनी कागदावर येऊ दिली नाही. अमेरिकेचे बर्ट रुटान यांनी तर ही कात्री दुसऱ्यांच्या हातात दिली. त्यांच्या 'व्हॅरिइझी' आणि पुढच्या 'लाँग-इझी' या विमानांचे नकाशे हौशी लोकांनी विकत घ्यायचे, गरम तारेने फोम कापून पंखाचा आकार काढायचा आणि त्यावर काचतंतूंचं कापड इपॉक्सीत भिजवून चिकटवायचं. नवशिक्याची चूक इथेच होते. कापड चांगलं बसावं म्हणून तो इपॉक्सी सढळ हाताने ओततो. पण ताकद असते कापडात. जास्तीची इपॉक्सी नुसतं वजन. म्हणून रबरी पट्टीने ती निपटून काढायची, परत निपटायची, आणि कापड कोरडं पडायच्या बेताला थांबायचं. एवढं करून विमान उभं राहिलं की मालकाला वाटतं, आता निदान रंग तरी आपल्या आवडीचा. तोही नाही. गडद रंग उन्हात तापतो आणि तापलं की इपॉक्सी नरमते. म्हणून रंग पांढरा. संपूर्ण स्वतःच्या मर्जीचं विमान बांधायला निघालेल्या माणसाला शेवटी रंगाचीही मर्जी उरत नाही, पण विमान उडतं.

याच रुटान यांनी डिझाइन केलेल्या 'व्हॉयेजर'ने डिसेंबर 1986 मध्ये कुठेही न उतरता, वाटेत इंधन न घेता पृथ्वीप्रदक्षिणा केली. आत बर्ट यांचे भाऊ डिक रुटान आणि जीना यीगर. नऊ दिवस लागले. उड्डाणाच्या वेळी विमानाचं एकूण वजन होतं सुमारे 4400 किलो, आणि त्यातलं तीन हजारांहून अधिक किलो नुसतं इंधन. इंजिनं वगळून सांगाड्याचं वजन 430 किलोच्या आत. दोन माणसांनी नऊ दिवस ज्या जागेत काढले, तिच्यात धड उभंही राहता येत नव्हतं. इंधनाने जड झालेले पंख धावपट्टीवर घासून त्यांची टोकं मोडली, तरी ते निघाले. आरामाची यादी कुणी केली असेल, तर ती जमिनीवरच राहिली.

इथे कुणी म्हणेल, कापणं एवढं गुणकारी असेल तर कापतच जावं; काही उरलंच नाही तर वजनाचा प्रश्नच मिटला. हा प्रयोगही होऊन गेला आहे. फ्रान्सचे ऑन्री मिन्ये यांना नेहमीच्या विमानाचा हँडल आणि पायातले पेडल यांचा मेळ घालणं काही जमेना. दुसरा एखादा म्हणाला असता, मला विमान चालवता येत नाही. मिन्ये म्हणाले, विमानातच चूक आहे. त्यांनी पेडल काढून टाकले, विमान एका बाजूला कलवणारे पंखांवरचे एलेरॉन काढून टाकले, एकामागे एक असे दोन पंख ठेवले आणि पुढचा पंखच वरखाली कलता केला. 1933 साली हे विमान उडालं, पुढच्या वर्षी त्याचं पुस्तक आलं आणि युरोपभर सुतारकामाची आवड असलेल्या माणसांनी करवती हातात घेतल्या. विमानाचं लाडकं नाव 'पू द्यू सिएल', आकाशातली ऊ. मग अपघात सुरू झाले. 1936 मध्ये फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये हे विमान हवेच्या बोगद्यात तपासलं तेव्हा कळलं, की नाक एका मर्यादेपलीकडे खाली गेलं की ते वर आणायची शक्ती या रचनेत नाही. पायलटने हँडल कितीही ओढला तरी नाही. दोष सापडल्यावर रचना सुधारली गेली, पण तोवर बंदी आली होती. तेव्हा कात्री चालवायची ती हौसेवर. जे आपल्याला जमत नाही त्यावर नव्हे. हा फरक कागदावर बारीक दिसतो, हवेत फार मोठा असतो.

दुसरा आक्षेप नव्या पिढीचा. हे सगळं जुनं झालं, आता कॉम्प्युटर आहे. आराखडा स्क्रीनवर काढा, स्क्रीनवरच उडवून बघा, चूक तिथेच सापडेल. चूक सापडेल हे खरं. पण कॉम्प्युटर मालकाला नाही म्हणत नाही. त्याला सहावी सीट सांगितली तर तो सहावी सीट काढून देतो आणि तिची गादीही छान रंगवतो. नाही म्हणायला आकडे लागतात आणि आकड्यांचं ऐकणारा माणूस लागतो. राइट बंधूंकडे कॉम्प्युटर नव्हता, पण 1901 साली त्यांनी स्वतः हवेचा छोटा बोगदा बांधून पंखांचे सुमारे दोनशे नमुने तपासले, आणि तयार इंजिनं जड पडतात म्हणून आपल्या सायकल दुकानातल्या चार्ली टेलर यांच्याकडून बारा अश्वशक्तीचं इंजिन बनवून घेतलं. 1903 च्या पहिल्या उड्डाणात ते बारा सेकंदांत 120 फूट गेले, आणि तेवढंच नोंदवून ठेवलं. यावर आपल्याकडे हमखास कुणीतरी शिवकर बापूजी तळपदे यांचं नाव काढतो, आणि 1895 साली गिरगाव चौपाटीवर त्यांनी विमान उडवल्याचं सांगतो. तळपद्यांच्या जिद्दीबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. पण त्या विमानाचं वजन किती, पंखाचं क्षेत्रफळ किती, इंजिनाची ताकद किती, हे विचारलं की चर्चा लगेच अस्मितेकडे वळते. अशा दाव्यांबरोबर ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाचा हवाला देतात, त्यातली विमानं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी 1974 मध्ये गणिताला लावून पाहिली आणि ती उडू शकत नाहीत असा निष्कर्ष दिला. अभिमानाला वजन नसतं हे खरं, पण त्याने विमान वर उचललंही जात नाही.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. नकाशे दुसऱ्याचे घेतले, आराखडा सिद्ध झालेला आहे, तर थोडाफार बदल आपल्या सोयीने केला म्हणून काय बिघडलं? याचं उत्तर हसत हसत देता येत नाही. गायक जॉन डेन्व्हर यांचा ऑक्टोबर 1997 मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ विमान कोसळून मृत्यू झाला. विमान होतं लाँग-इझी, दुसऱ्याने बांधलेलं आणि डेन्व्हर यांनी नुकतंच घेतलेलं. या विमानाला दोन टाक्या असतात आणि एकीतून दुसरीवर जायला एक कळ असते. रुटान यांच्या नकाशात ती पायलटच्या पायांमध्ये, हाताशी आहे. बांधणाऱ्याने ती हलवून पायलटच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती. तिथे पोचायचं तर हातातलं सुकाणू सोडून अख्खं शरीर वळवावं लागे, आणि तसं वळताना पाय पेडलवर रेटला जाण्याचा धोका. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने कारणांमध्ये इंधनाच्या व्यवस्थापनाबरोबर या कळीच्या जागेचाही उल्लेख केला. मूळ विमानात दोष नव्हता. एका माणसाच्या सोयीचा एक छोटा बदल दुसऱ्या माणसाच्या हाताला लागेना, एवढंच.

मग सरळ तयार विमान का घेऊ नये, हा चौथा आणि सर्वांत शहाणा आक्षेप. घ्यावं, जरूर घ्यावं. पण तयार विमानातही कुणीतरी कात्री चालवलेलीच असते. फक्त ती सर्वसाधारण गिऱ्हाइकाच्या हौसेवर चालवलेली असते. तुमची हौस सर्वसाधारण नसेल, म्हणजे तुम्हाला एकट्याने उलटंसुलटं उडायचं असेल किंवा डोंगरातल्या खडबडीत पट्टीवर उतरायचं असेल, तर वेगळ्या जागी कात्री लावण्याचा तुम्हाला अधिकार आहे. अमेरिकन कायदाही तो देतो, पण भाबडेपणाने नाही. विमानाचा मोठा भाग, बोलीभाषेत 51 टक्के, हौशी माणसाने स्वतः बांधलेला हवा, आणि तोही शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी. आपल्या नवऱ्याने वीकेंडला गॅरेजमध्ये नेमकं काय केलं, याचं सरकारी उत्तर या कलमात आहे. पहिले साधारण 25 ते 40 तास विमान ठरवून दिलेल्या भागातच चाचणीसाठी उडवायचं. त्या काळात कुणाला फिरवून आणायचं नाही. पुढे प्रवासी बसवायचा झाला तर त्याला दिसेल अशी पाटी लावावी लागते, की हे विमान हौशी माणसाने बांधलेलं असून नेहमीच्या विमानांचे सुरक्षा-नियम ते पाळत नाही. शिवाय दाराजवळ ठळक अक्षरांत 'एक्स्परिमेंटल' असं लिहिलेलं असतं ते वेगळंच. इतक्या प्रामाणिकपणे पाहुण्याचं स्वागत दुसऱ्या कुठल्याही वाहनात होत नाही, आणि तरी लोक आत बसतात, हे बांधणाऱ्यावरच्या विश्वासाचं लक्षण समजायला हरकत नाही.

आता मराठी वाचक चारकोपचं उदाहरण पुढे करणार, आणि ते केलंच पाहिजे. वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, तेही एकदोन नाही तर सहा आसनांचं. गच्चीवर विमान बांधण्यातली मौज अशी, की विमानाला लागणारी प्रत्येक वस्तू आधी जिन्यात मावली पाहिजे. फेब्रुवारी 2016 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात लोकांनी ते पाहिलं. नोव्हेंबर 2017 मध्ये व्हीटी-एनएमडी अशी नोंदणी झाली, 2019 मध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली आणि 2020 मध्ये ते धुळ्यात उडालं. म्हणजे पंख तयार होते तरी वर जायला चारेक वर्षं लागली. फाइलचं वजन पंखाच्या क्षेत्रफळाच्या सूत्रात बसत नाही, ही आपल्याकडची अडचण. माझ्या म्हणण्याला या उदाहरणाने बाध येतो का? सहा सीटा म्हणजे कात्री कुठे लागली? पण यादव यांना रविवारच्या फेरफटक्याचं विमान करायचंच नव्हतं. भारतात विमानं तयार व्हावीत, प्रवासी नेता यावेत, हा त्यांचा हेतू जाहीर होता. हेतू तो असेल तर सहा सीटा ही हौस नव्हे, गरज. हौस कोणती आणि गरज कोणती हे हेतू ठरला की आपोआप वेगळं होतं. ज्याचा हेतूच ठरलेला नाही, त्याची प्रत्येक हौस गरजेचा वेश घालून येते.

तेव्हा ज्याला खरोखर स्वतःचं विमान आखायचं आहे त्याने पेन्सिल हातात घेण्याआधी काही गोष्टी कराव्यात. कुठून कुठे, कितीदा आणि कुणाबरोबर जायचं, हे खरं खरं लिहून काढावं. सासुरवाडीची माणसं बसतील म्हणून सीटा वाढवू नयेत. ती रेल्वेने येतात. आपलं वजन काट्यावर उभं राहून लिहावं, आठवणीतून नव्हे. आराखडा प्रथमच करत असाल तर तो स्वतः करण्याऐवजी सिद्ध झालेला घ्यावा. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांच्या 'आरव्ही' मालिकेतली अकरा हजारांहून अधिक विमानं जगभरच्या हौशी माणसांनी बांधून उडवली आहेत, आणि त्यांना त्यात कमीपणा वाटलेला नाही. बाकी सीटचं कापड, दाराची मूठ आणि शेपटीवरचं नाव यांत मनाचे लाड खुशाल पुरवा. इंधनाची कळ मात्र नकाशात दाखवली असेल, तिथेच लावा.